तीन सिस्टीम आणि एका तासाचा नाच

खरेदी विभागाच्या हेडक्लार्कांनी आयुष्यात एकही वस्तू तुलनात्मक तक्त्याशिवाय घेतली नव्हती. (लग्न तेवढं घाईत झालं, असं ते अजून म्हणतात, बायकोसमोर नाही.) ऑफिसात त्यांना सगळे तक्तेसाहेब म्हणत. साध्या टाचण्या घ्यायच्या तरी तीन दुकानांचे नमुने, बारा रकाने आणि सही कुणी करायची यावर वेगळी बैठक. टाचण्या येईपर्यंत कागद पंख्याखाली उडत असत, पण नियम पाळला गेल्याचं समाधान साहेबांच्या चेहऱ्यावर मावत नसे. अशा माणसांमुळे कारभार चालतो, असं सांगितलं जातं. तो थांबतो कुणामुळे, हे कुणी छापत नाही.

त्यांच्या पत्नी सर्जिकल वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत होत्या. हॉस्पिटलच्या तळघरातल्या हॉलमध्ये चार वाजता निरोपाचा कार्यक्रम ठरला आणि काय हवं, असं विचारल्यावर सिस्टरांनी एकच गोष्ट मागितली.

"मला भेटवस्तू नको. एकतीस वर्षं मी वॉर्डात चवड्यांवर चालले, पेशंट उठेल म्हणून. मला एक तास मोठ्या आवाजात नाचायचंय. मध्ये थांबायचं नाही. सहाला पोरी ड्यूटीवर जातात, म्हणून पाच ते सहा."

सिस्टरांच्या धाकट्या भावाचं साउंडचं दुकान होतं. तो लगेच म्हणाला, "ताई, गाणी मी वाजवतो."

"घरात माणूस असताना बाहेरचा कशाला?" तक्तेसाहेब म्हणाले.

"भाऊजी, मी बाहेरचा?"

"हा तिचा कार्यक्रम आहे. मी वाजवणार."

सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. सलाइनच्या नळीला हात लावणाऱ्या नातेवाइकाकडे त्या असंच पाहत आणि मग शांतपणे केसपेपरवर लिहीत: 'नातेवाइकाला बाहेर बसवावे.' पण हा नातेवाईक स्वतःचाच होता. शिवाय त्याने एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कशाला तरी पटकन हो म्हटलं होतं. त्या विरघळल्या. (तिथेच चुकलं.)

मेव्हण्याने आपला जुना मॅक लॅपटॉप दिला, दोन फिरत्या तबकड्या आणि ढीगभर बटणं असलेला कंट्रोलर दिला, वर अर्धा तास शिकवलंही. जाता जाता तक्तेसाहेबांनी सहज विचारलं, "डीजे लोक ऑपरेटिंग सिस्टीम कुठली वापरतात?"

"कुणी मॅक, कुणी विंडोज. काही हौशी लोक लिनक्स. तिन्हींवर होतं काम, भाऊजी. आहे तीच राहू द्या आणि हात बसवा."

यातलं 'तीन' एवढंच भाऊजींना ऐकू आलं. तीन! हा तर नियमातच बसणारा आकडा.

त्या संध्याकाळी तक्ता सुरू झाला. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत किती उशीर लागतो, सॉफ्टवेअर किती मिळतात, बॅटरी किती टिकते, कंट्रोलर ओळखायला किती वेळ लागतो. इंटरनेटवरची मतं वाचायला तीन आठवडे गेले. तिथे माणसं आपापल्या सिस्टीमसाठी अशी भांडत होती, की त्यातल्या कुणाला गाणं ऐकायला वेळ मिळत असेल का, याचीच शंका यावी. तक्तेसाहेबांनी सगळ्यांची मतं नोंदवली. बेरीज केली. तिघींना प्रत्येकी एकाहत्तर गुण पडले.

"मग आता?" सिस्टरांनी विचारलं.

"आता प्रत्यक्ष चाचणी. एकाच यंत्रावर, समान संधी."

त्यांनी एका जाणकाराकडून त्या लॅपटॉपच्या डिस्कचे तीन भाग करून घेतले आणि तिन्ही सिस्टीम शेजारी शेजारी बसवल्या. लॅपटॉप सुरू केला की तो अदबीने विचारी, यांपैकी कोण हवी? इथवरही ठीक होतं. पुढे गाण्यांचा प्रश्न आला. सिस्टरांनी निवडून दिलेली पंधरा गाणी कुठल्या एकीला द्यायची? एकीला दिली तर दोघींवर अन्याय. तक्तेसाहेबांनी ऑफिसातल्या पद्धतीने पाळी लावली. पहिलं गाणं विंडोजला, दुसरं मॅकला, तिसरं लिनक्सला, चौथं पुन्हा विंडोजला. प्रत्येकीकडे पाच गाणी. हेडफोन लावून त्यांनी तीन रविवार तीन सिस्टीमवर तालीम केली आणि तिन्ही सुरळीत चालल्या. एकीवरून दुसरीवर जायला किती वेळ लागतो, हे मोजलं नव्हतं. तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी भाषणं वेळेत संपली. ठीक पाचला पहिलं गाणं दणक्यात सुरू झालं. सिस्टरांनी चपला भिंतीशी काढून ठेवल्या आणि अशा काही नाचल्या, की मोठे सर्जन हातातली बशी सांभाळत मागे सरकले. चाळीस नर्सेस भोवती गोल. तक्तेसाहेबांनी एक कान हेडफोनमध्ये ठेवून मान डोलावली. गाणं संपलं.

शांतता.

"अहो, पुढचं!"

"एक मिनिट. मॅकची पाळी आहे."

लॅपटॉप बंद झाला. सुरू झाला. यादी आली, सॉफ्टवेअर उघडलं, कंट्रोलर ओळखला गेला. यात चार मिनिटं गेली. नर्सेस हात वर करून उभ्या होत्या, त्यांनी ते हळूहळू खाली घेतले. दुसरं गाणं लागलं, अंगात जरा ऊब आली आणि तेही संपलं.

मेव्हणा धावत आला. "भाऊजी, काय झालं? हँग?"

"हँग कशाला होईल? तिन्ही उत्तम चालू आहेत. फक्त पाळी बदलतेय."

"कसली पाळी?"

त्यांनी समजावून सांगितलं. मेव्हण्याने दोन्ही हात डोक्याला लावले. "म्हणजे प्रत्येक गाण्याला मशीन बंद?"

"म्हणून तर सगळ्यांना न्याय मिळतोय!"

या गडबडीत लॅपटॉप पुन्हा सुरू झाला होता. पाळी लिनक्सची होती, पण तक्तेसाहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं, तेव्हा यादी दहा सेकंद मोजून थकली होती आणि तिने स्वतःच विंडोज निवडली होती. दहा सेकंदांत निर्णय घ्यायची वेळ त्यांच्यावर नोकरीत कधी आली नव्हती. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तिसरं गाणं संपलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच पंचवीस झाले होते आणि लॅपटॉप पुन्हा बंद होत होता. सिस्टर हॉलच्या मधोमध अनवाणी उभ्या होत्या. रागावल्या नव्हत्या. ऑपरेशन पुढे ढकललेल्या पेशंटसारख्या नुसत्या वाट बघत होत्या, आणि ते पाहून तक्तेसाहेबांना पहिल्यांदा घाम फुटला.

"कुणाच्या तरी फोनवर लावा गं!" एक नर्स ओरडली. चाळीस फोन बाहेर आले. तळघरात रेंज नव्हती आणि सगळ्यांची गाणी इंटरनेटवर. मेव्हण्याचीही.

दाराशी उभा असलेला वॉचमन पुढे आला. खिशातून बटणांचा फोन काढून म्हणाला, "सिस्टर, माझ्या मेमरी कार्डात गाणी आहेत. तीनशे. चालतील का?"

मेव्हण्याने तो फोन खुर्चीवर ठेवला, त्याला माइक टेकवला आणि मग तो फोन सहा वाजेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायला थांबला नाही. आवाज किंचित चिरका होता. सिस्टरांना त्याचं काही नव्हतं. त्या थांबल्या नाहीत, सर्जनांनाही थांबू दिलं नाही, आणि ड्यूटीवाल्या पोरी दहा मिनिटं उशिरा वर गेल्या.

हॉल रिकामा झाल्यावर तक्तेसाहेब टेबलाखाली बसून वायरी गोळा करत होते. वॉचमनने आपल्या फोनचा उजेड धरला.

"यात कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आहे हो?" त्यांनी खालूनच विचारलं.

"ते काय माहीत नाही साहेब. टॉर्च मात्र झकास आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यात चौथं नाव वाढलं: वॉचमनचा फोन. उशीर: नाही. बंद पडणे: नाही. टॉर्च: झकास. खाली 'शिफारस' ही ओळ मोकळी ठेवून तक्तेसाहेब नेहमीप्रमाणे विचार करायला आत गेले. चहा घेऊन परत आले, तर ती ओळ भरलेली होती. लाल शाईत, केसपेपरवरच्या त्याच वळणदार अक्षरात:

'चारही सिस्टीम स्थिर. नातेवाइकाला बाहेर बसवावे.'