मार्नीच्या बोटांची रजा

ज्याच्या हाती लोकांचे गुडघे सोपवायचे तो माणूस चोर नाही, एवढी खात्री राज्याने आधी करून घेतलीच पाहिजे. याबद्दल कुणाचं दुमत नसावं. गुडघा म्हणजे काही सायकल नव्हे, की गेला तर दुसरा आणू. (आणता येतो, पण त्याचा अर्ज वेगळा.)

आमच्या राज्यात ही खात्री बोटांच्या ठशांवरून होते. ज्यांचा खिसा रिकामा, त्यांच्या उपचारांचा खर्च सरकार उचलतं, त्या योजनेला मेडिकेड म्हणतात. तिच्यात नाव नोंदवल्याशिवाय फिजिओथेरपिस्टला असे पेशंट घेता येत नाहीत. नोंदणीसाठी लागतात परवाना, विमा, क्लिनिकच्या दाराचा पाटीसह फोटो, त्याच दाराचा पाटीशिवाय फोटो, आणि दहा बोटं. बोटं घेण्याचं काम आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, शेरीफच्या पोलीस कचेरीत, माझ्याकडे आहे. मंगळवार आणि गुरुवार, दुपारपर्यंत. माझी तान्ही मेबल काउंटरमागे तिच्या लाकडी कुंपणात झोपलेली असेल तर काम वेळेत होतं. जागी असेल तर आनंदात होतं.

यंत्र उत्तम आहे. काचेवर बोट ठेवायचं. हिरवा दिवा लागला की माणूस अर्धा सज्जन ठरतो. उरलेला अर्धा राजधानीत ठरतो.

मार्नी होल्त्झ मे महिन्यात आली. आमच्या गावातली एकुलती एक फिजिओथेरपिस्ट. गावातल्या बहुतेक पाठी तिच्या हाताखालून गेलेल्या, त्यांत शेरीफसाहेबांचीही एक. तिने अंगठा ठेवला. तांबडा दिवा. पुसून ठेवला. तांबडाच. मग तर्जनी, मग उरलेली सगळी. शेवटी यंत्राने पडद्यावर मत दिलं: "बोट आढळले नाही."

"हात धुतलेस ना गं?" मी विचारलं.

"दिवसातून तीसदा धुते. तेच तर नडलंय!"

खरंच, तिची बोटं उजेडात धरून पाहिली तर ओढ्यातल्या गोट्यांसारखी गुळगुळीत. वर्षानुवर्षं तेल, पाणी आणि दुसऱ्यांचे खांदे यांनी रेषा पार झिजवून टाकलेल्या.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात माझ्या कडेवरून मेबल वाकली आणि तिने आपला लाळेने ओला अंगठा काचेवर दाबला. हिरवा दिवा. शेरा: "उत्कृष्ट." राज्याला दहा महिन्यांची, दोन दातांची एक पात्र उमेदवार मिळाली. (ती चावते. पण चावण्याचा रकाना अर्जात नाही.)

त्याच दुपारी रॉयस डनवुडी नावाचे गृहस्थ आले. शहरात त्यांची गाद्यांची दुकानं आहेत, आणि आता ते थेरपीची तीन केंद्रं काढत होते. त्यांनी जन्मात कुणाचा गुडघा दाबलेला नाही, हे त्यांनी स्वतःच हसत हसत सांगितलं. बोटं मात्र अशी, की पाहत राहावं! एकेक रेष शाळेच्या नकाशातल्या नदीसारखी. दहाही हिरवे. यंत्राला माणसाची पारख आहे, हे मला त्या दिवशी पटलं.

मार्नीची एवढी धडपड चालली होती ती आर्डिथ कुबिचेकसाठी. आर्डिथबाई मार्नीच्या शेजारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. शाळेच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य गेलेलं. जानेवारीत बर्फावर पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाड जोडलं, पण पायाची भीती तशीच राहिली. मेडिकेडचं कार्ड त्यांच्या पर्समध्ये होतं. ते चालेल असा थेरपिस्ट गाडीने दोन तासांवर. ऑक्टोबरात काउंटीच्या तपासनीस बाई यायच्या होत्या. स्वतःच्या सिंकपाशी, कशालाही न धरता उभं राहून आर्डिथबाईंना एक ताट धुता आलं तर घरी राहायचं. नाही आलं तर शहरातल्या वृद्धाश्रमात.

"तिथं हिरवी जेली देतात," आर्डिथबाई म्हणाल्या. "रोज! मी शाळेत ती हजारो पोरांना वाढली, पण एक चमचा तोंडात घातला नाही. आता म्हातारपणी खाऊ होय?"

मार्नीने राज्याच्या मदत-क्रमांकावर फोन केला. पलीकडे कीथ नावाचा अत्यंत सभ्य तरुण होता.

"मॅडम, तुमची बोटं आमच्याकडे दिसत नाहीत."

"माझ्याकडे दिसतायत हो. दहाच्या दहा."

"मग ठसे का उमटत नाहीत याचं प्रतिज्ञापत्र पाठवा. खाली अंगठ्याचा ठसा उमटवून."

मार्नीने विचारलं, "तोवर शेजारच्या आजींना मी फुकट तपासलं तर?"

"फुकट म्हणजे पेशंटला आमिष, मॅडम. अर्ज बाद होईल." कीथचा आवाज जरा मऊ झाला. "रेषा परत येतात म्हणे. काही आठवडे हातांचा वापर टाळा."

"मी हातांनीच काम करते रे बाबा!"

"हो, हे बऱ्याच थेरपिस्टांच्या बाबतीत आढळून आलंय," कीथ म्हणाला.

सल्ल्यातलं तर्कशास्त्र निर्दोष होतं. आपण थेरपिस्ट आहोत हे सिद्ध करायचं तर काही दिवस थेरपिस्ट असणं बंद ठेवलं पाहिजे. मार्नीने क्लिनिकच्या दारावर कागद लावला, "बोटं रजेवर आहेत. व्यायाम तोंडी सांगितले जातील." हातांना मलम चोपडून वर पांढरे सुती हातमोजे चढवले. त्यामुळे ती एखाद्या जुन्या हॉटेलातल्या वाढप्यासारखी दिसू लागली. मालिश बंद, तेल बंद आणि (रेषांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणून) भांडी बंद. तिचा नवरा पेरणीवर, पहाटे जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर उभा राहिला.

तो डोंगर आर्डिथबाईंना त्यांच्या खिडकीतून दिसायचा. चौथ्या दिवशी त्या वॉकर ठोकत ठोकत कुंपणाच्या फटीतून आल्या.

"पोरी, हे सिंक आहे की उकिरडा? सरक तिकडे."

"अहो, तुम्हाला उभं राहवतं का?"

"मग खुर्ची लाव मागे. पडले तर तुझ्या अंगावर पडेन!"

मी संध्याकाळी मेबलला घेऊन तिकडे जायचे, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांदेखत घडलं. तो उपचार नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मार्नी पांढऱ्या मोज्यांतले हात पाठीमागे बांधून उभी असायची आणि फक्त भांड्यांविषयी बोलायची. "ते ताट वरच्या फळीवर ठेवा. उजव्या पायावर उभं राहून ठेवा, फळी डावीकडे आहे. आता कढई खालच्या कप्प्यात. गुडघ्यातून वाका, कढई जड आहे." शेजारणीने शेजारणीला घरकाम सांगण्यावर राज्याचा आक्षेप नाही, सरकारच्या उपचारयादीत घरकामाला क्रमांकच नाही.

जूनमध्ये खुर्ची एक पाऊल मागे गेली. जुलैत ती मेबलने बळकावली. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी वॉकर कुंपणापलीकडेच राहून गेला, आणि भांडी संपेपर्यंत कुणाच्या ते लक्षातच आलं नाही. लक्षात आल्यावर मार्नी मोज्यांनीच डोळे पुसायला लागली.

"मोजे भिजवू नकोस," आर्डिथबाई डाफरल्या. "रेषा जातील!"

रेषा आल्या. सप्टेंबरात मार्नीची दहाही बोटं हिरवी झाली आणि महिनाअखेरीस राज्याचं अभिनंदनाचं पत्र आलं. दुसऱ्याच सकाळी आर्डिथबाई चांगला कोट घालून, कोलाचे नावाच्या गोड पावांची परडी घेऊन, क्लिनिकमध्ये पहिल्या पेशंट म्हणून हजर. पर्समधून कार्ड काढून त्यांनी टेबलावर आपटलं. मार्नीने उपचाराची रीतसर परवानगी मागितली. अर्जात एकच प्रश्न होता: रुग्ण आधाराशिवाय सिंकपाशी उभा राहू शकतो काय? मार्नीने खरं उत्तर लिहिलं.

परवानगी नाकारण्यात आली. कारण: रुग्णास उपचारांची गरज नाही.

"म्हणजे मी बरी झाले, असं सरकार लेखी देतंय?" आर्डिथबाईंनी विचारलं. तो नकार त्यांनी फ्रेम करून सिंकवर टांगला. ऑक्टोबरात तपासनीस बाई आल्या. त्यांनी फ्रेम वाचली, ताट धुताना पाहिलं, दोन कोलाचे खाल्ले आणि गेल्या. त्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये आर्डिथबाई शेरीफसाहेबांबरोबर पोल्का नाचल्या. सोमवारी शेरीफसाहेब पाठ धरून मार्नीकडे गेले.

मार्नीचे हात आता पुन्हा कामाला लागलेत. रेषा पुसट होत चालल्यात. नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी आहे. रॉयस डनवुडींचा प्रश्नच नाही, त्यांच्या रेषा आजन्म टिकतील. माझं यंत्र सुरू करायला माझा नाहीतर शेरीफसाहेबांचा अंगठा लागतो. पण मेबलच्या बाटल्या धुवायला लागल्यापासून ते मला ओळखत नाही, तेव्हा साहेबच येऊन आपला अंगठा लावतात. त्यांचा अंगठा छानच आहे.

तुम्हीही पाहा एकदा. एका हातात हे पान धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं उजेडात न्या. रेषा ठळक, स्पष्ट, एकही तुटलेली नाही? अभिनंदन. राज्याचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.

तुमच्या घरी भांडी कोण घासतं, हे विचारणं माझ्या कामात येत नाही.