राजूबाईच्या दारातलं गाणं

“हरिओम, लाव ते गानं. आवाज मोठा कर. इहीणबाई लांबून आल्यात, ऐकू दे त्यास्नी आपली रीत.”

नातवानं मोबाइलवरून स्पीकरवर गाणं सोडलं. आधी घुंगरमाळ वाजली, मग सनई, मग एका गड्याचा भरदार गळा, तोही तेलुगूत. खटकचिंचोळीत राजूबाईच्या घरी नवी सून आली की याच गाण्यावर उंबऱ्यावरचं माप ओलांडायची. छब्बीस वर्षांची रीत होती ती. आधी थोरली ज्योती आली, मग धाकटी अंबिका, आणि मग ती रीत भिंत ओलांडून भावकीत गेली. आजपावेतो त्या गल्लीत अकरा सुना या गाण्यावर आत आल्या होत्या. बारावी होणार होती हरिओमची नवरी वैष्णवी. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि तिची आजी वच्छलाबाई चार माणसं घेऊन औरादकडून याद्या करायला आली होती.

गाणं दुसऱ्या कडव्याला लागलं आणि वच्छलाबाईनं पदर डोळ्याला लावला. राजूबाईनं सुनांकडं मान वळवून बघितलं. तिसऱ्या कडव्याला वच्छलाबाई हुंदके द्यायला लागली, तशी राजूबाईची छाती आणखी फुगली.

“रडा, इहीणबाई, मोकळ्या मनानं रडा. नात सासरी चालली म्हनल्यावर पानी येनारच डोळ्याला.”

“त्याचं न्हाई हो,” वच्छलाबाई नाक पुसत म्हणाली. “तुमच्यात कोन गेलं?”

“कोन जाईल? समदे हितंच बसल्यात.”

“मग हे मयताचं गानं कामून लावलाव?”

 स्पीकरमधला गडी तेवढा गात राहिला.

“कुनाच्या मयताचं?” राजूबाईनं विचारलं.

“बैलाच्या. त्याचा बैल मेलाय. त्याच्या गळ्यात पडून रडायलाय बिचारा.”

वच्छलाबाईचं माहेर नारायणखेडकडचं. तेलुगू तिनं आईच्या दुधाबरोबर पिलेली. पण या घरात तेलुगू येणारी म्हणून आजवर एकच बाई होती, ती म्हणजे राजूबाई. घरात मराठी बोलायचे, शाळेत आणि तालुक्याला कन्नड, बाजारात उर्दू. त्या तिन्ही सगळ्यांनाच येत होत्या, त्यात मोठेपणा काय? तेलुगू मात्र राजूबाईचीच. लहानपणी ती बापाच्या बोटाला धरून दोनदा जहिराबादच्या बैलबाजाराला गेली होती आणि तिथून तेरा शब्द घेऊन आली होती. त्यातले दहा आकडे होते. उरलेल्या तिनांतला एक होता ‘रा’, म्हणजे ये. गाण्यात तो गडी सारखा ‘रा, रा’ म्हणतो, म्हणजे सासर नव्या सुनेला ये ये म्हणतंय, असा अर्थ तिनं छब्बीस वर्षांपूर्वी लावला होता. दुसरीत शाळा सोडलेल्या बाईनं लावलेला अर्थ, पण त्याच्यावर सवाल करायची हिंमत बीए झालेल्या अंबिकेलाही झाली नव्हती.

“इहीणबाई,” राजूबाई शांतपणे म्हणाली, “तुमच्याकडची तेलुगू येगळी, जहिराबादची येगळी.”

“गानं जहिराबादचंच हाय की.”

“त्येच तर म्हनायले मी.”

इथंच गोष्ट मिटली असती. पण हरिओम कोळारच्या कारखान्यात कामाला, शंका आली की मोबाइल उघडायची त्याला खोड. त्यानं अख्खा सिनेमाच शोधून काढला. नऊ डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली. अंगण होतं. अंगणात आडवा पडलेला पांढरा बैल, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, अंगावर गुलाल. भोवती पंधरा-वीस माणसं पदर आणि पटके डोळ्यांना लावून उभी. आणि मिशाळ हिरो बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडून छातीशी धरत होता. तिचा आवाज म्हणजे नवरीचे पैंजण, असं राजूबाईनं आजवर अकराजणींना सांगितलं होतं.

अंबिका आत जाऊन फडताळातली जुनी कॅसेट घेऊन आली. डबीवरच्या चित्रात दारात हिरो उभा, दाराला तोरण, आणि हिरोच्या पुढ्यात निम्मं चित्र व्यापून बसलेला बैल.

“एवढा थोरला बैल छब्बीस वर्सं कुनालाच दिसला न्हाई?” वच्छलाबाईनं विचारलं.

दिसला होता. सगळ्यांना दिसला होता. ज्योतीनं तर पहिल्याच दिवाळीला विचारलंही होतं. तेव्हा राजूबाई म्हणाली होती, वरातीच्या गाडीचा बैल आहे तो. गाडी कुठाय, हे विचारायचं ज्योतीला आज सुचलं.

आता ही कॅसेट घरात आली कशी, तेही सांगायला पाहिजे. राजूबाईचा नवरा अंबाजी, देव त्याला सुखात ठेवो, थोरला लेक राजपालच्या लग्नाच्या कपड्यांसाठी जहिराबादला गेला आणि सिनेमाला बसला. भालकीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून इंटरव्हलला उठला. इंटरव्हलपर्यंत त्या हिरोचं लग्न झालं होतं. लग्नाचा सिनेमा आहे, म्हणून त्यानं स्टँडवर कॅसेट घेतली. बैल इंटरव्हलनंतर मेला.

“म्हंजी मी मेलेल्या बैलाच्या मागं या घरात आले?” ज्योती म्हणाली.

“तुमी मागं तरी आलाव,” अंबिका म्हणाली. “मला वाटायलंय मी त्याच्या जागी आले.”

“गप बसा दोघी. पाव्हने हायेत.”

पण भिंती कुठं गप बसतात? दुपारचं जेवण व्हायच्या आत भावकीतल्या बाकीच्या नऊजणी अंगणात येऊन टेकल्या. एकीला आत्ता कळलं, तिचा नवरा जेवला की खाली बसल्या जागी रवंथ करत का बसतो. दुसरीची लग्नापासूनची मानदुखी एकाएकी वाढली. तिसरी तर रडायलाच लागली, कारण तिच्या लग्नात बंडेप्पाच्या बँडनं हे गाणं लोकाग्रहास्तव दोनदा वाजवलं होतं.

वच्छलाबाई उठून उभी राहिली. “हे बगा इहीणबाई, मानसं तुमी चांगली. पन आमचं लेकरू रडगान्यावर माप ओलांडनार न्हाई. दुसरं गानं लावा. न्हाईतर याद्या हितंच ऱ्हाऊ द्या.”

हरिओमचं तोंड उतरलं. सात मुली बघून झाल्यावर कुठं एकीनं त्याला होकार दिला होता, आणि त्यालाही ती पहिल्या नजरेत आवडली होती.

राजपाल आईजवळ सरकला. “माय, एक गानं तर हाय. बदलू की. बंडेप्पाला सांगून नवं कायतरी बसवू.”

राजूबाईनं मनात तोलून बघितलं. गाण्याचं काय, शंभर मिळतील. पण छब्बीस वर्षं चुकलं, असं आज या अकराजणींसमोर म्हणायचं, आणि उद्या? तूर कधी पेरायची, लोणच्याला मीठ किती, कुणाच्या घरी जेवायचं आणि कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे सगळं तिच्याच शब्दावर चाललेलं. उद्या लोणच्याचं मीठसुद्धा तिला कुणी विचारणार नाही. अंबिका मोबाइलवर बघेल.

“गानं बदलनार न्हाई,” ती म्हणाली.

“मग लग्न मोडायचं का?” राजपाल कळवळला.

“लग्नबी मोडनार न्हाई. इहीणबाई, बसा. तुमाला तेलुगू येतीय ना? एकेक कडवं थांबवून मराठीत सांगा, ह्या समद्यांसमोर. त्यात एक जरी वाईट बोल निघाला तर ही कॅसेट मी माज्या हातानं चुलीत घालते.”

वच्छलाबाई बसली. तिलाही आता जरा चेव आला होता. हरिओमनं गाणं पहिल्यापासून लावलं आणि पहिलं कडवं झाल्यावर थांबवलं.

“तो म्हनतोय,” वच्छलाबाईनं सुरू केलं, “तू माज्या दारात पाय ठेवलास, तवा हे घर झालं. त्याच्याआदी नुसत्या चार भिंती होत्या.”

“ह्यात वाईट काय हाय?” राजूबाईनं सगळ्यांकडं बघितलं. “सांगा की. हाय का काही?”

हरिओमनं पुढचं कडवं वाजवून थांबवलं.

“दुसरं. तो म्हनतोय, पिकवलंस तू, खाल्लं आमी. मळनीत तुज्या तोंडाला मुसकं बांधलं आनि आमी पोटभर जेवलो.”

हे ऐकून ज्योती खाकरली. छब्बीस वर्षं ती सगळ्यांच्या मागून जेवत होती आणि बहुतेक वेळा भाजी संपलेली असायची. राजूबाईनं तिच्याकडं बघायचं टाळलं.

“तिसरं. दिस उगवायच्या आदी तू उठायचास. म्या एकदाबी इचारलं न्हाई, थकलास का म्हनून.”

 गल्लीतले तीन-चार नवरे भिंतीपाशी उभे होते, ते आपापल्या पायांकडं बघायला लागले. अंबिकेनं डोळे पुसले आणि ते कुणाला दिसू नये म्हणून शिंकल्यासारखं केलं.

“शेवटचं. आता मानेवर जू न्हाई. नीज बाळा.” वच्छलाबाईनं पुन्हा पदर डोळ्याला लावला. “मग नुसतं रा, रा म्हनतोय. माघारी ये म्हनतोय.”

“बगा!” राजूबाई उठून उभी राहिली. “रा म्हंजे ये. म्या पहिल्या दिवसापासून काय सांगायलेय?”

“इहीणबाई, गानं लई गोड हाय, मी कुठं न्हाई म्हनायले? पन बैल मेलाय हो त्यात.”

“त्येच तर चुकलं त्या मिशाळाचं! हयातभर राबवून घेतलं आनि मेल्यावर गळ्यात पडून रडायलाय. काय कामाचं ते रडनं? ज्याच्यासाठी म्हनायलास त्याला ऐकू जायलंय का? आमच्यात तसं न्हाई. आमी सून दारात उबी असतानाच ऐकवताव. तिच्या कानानं ऐकू दे तिला, की बाई, तुज्यामुळं हे घर हाय. जित्या मानसाला असं सांगनारं एक घर दावा मला औरादपासून आळंदपावतर. दावा!”

 वच्छलाबाईनं आपल्या माणसांकडं बघितलं. मग पदर नीट डोक्यावर घेतला.

“आमच्या दारात तर सून आली की फटाके फोडतेत,” ती म्हणाली. “आनि तिला भांडी कुठं हायेत ते दावतेत. लिवा याद्या. गानं हेच ऱ्हाऊ द्या.”

हरिओम उडी मारायचाच बाकी होता. अकराजणींनी टाळ्या वाजवल्या. मघाशी रडणारी तर म्हणाली, माझ्या लग्नात दोनदा लावलं होतं, आता तिसऱ्यांदाही लावा. राजूबाई खुर्चीत टेकून बसली. तिचा एक शब्दही मागं गेला नव्हता, सोयरीकही राहिली होती, आणि वरून आता अकराजणी तिच्याकडं अशा बघत होत्या, की हा अर्थ तिला पहिल्यापासून ठाऊक होता असं तिलाही वाटायला लागलं.

राजपाल सैलावला आणि सवयीनं म्हणाला, “ज्योती, चहा ठेव.”

ज्योती बसल्या जागेवरून हलली नाही.

“ज्योती, ऐकू आलं न्हाई का? चहा.”

“आलं की,” ज्योती गोड आवाजात म्हणाली. “आत्याबाई आत्ताच काय म्हनल्या? जित्या मानसाला इचारायचं. तेवढं इचारा आदी, मग उठते.”

राजपालनं तोंड उघडलं. ‘थकलीस का’ हे दोन शब्द. पण भावकीच्या आणि आता व्याह्यांच्याही डोळ्यांसमोर ते काही त्याच्या ओठांबाहेर येईनात. त्यानं अंबिकेकडं बघितलं. अंबिका ज्योतीला आणखी खेटून बसली. बाकीच्या नऊजणींनीही मांडी घट्ट केली. शेवटी त्यानं, प्रत्येक अडचणीत बघायचा तसं, आईकडं बघितलं.

राजूबाईनं हिशेब केला. आत्ता ‘उठ गं’ म्हणावं, तर मघाचं सगळं बोलणं नुसतं तोंडचं ठरतं आणि वच्छलाबाई याद्या बाजूला ठेवते. आणि ‘थकलीस का’ विचारावं, तर ज्योती काय उत्तर देईल हे कळायला तेलुगू यायची गरज नव्हती.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. “बसा समद्या. चहा मी ठेवते.”

आत कितीतरी वेळ भांडी वाजत होती. पातेलं सापडलं, दूध सापडलं, चहाची पूडही सापडली. साखर काही सापडेना. फडताळात बघितली, माळ्यावर बघितली, पिठाच्या डब्यात हात घालून बघितला. ज्योतीनं छब्बीस वर्षांत ती कुठं ठेवली, हे फक्त ज्योतीला माहीत. दारातून एक हाक मारायची, बस. राजूबाई दारापर्यंत आलीही. अंगणात सगळ्याजणी पाय पसरून बसल्या होत्या, वच्छलाबाई त्यांच्यात मिसळून काहीतरी सांगून हसवत होती. राजूबाई माघारी फिरली आणि तसाच चहा कपांत ओतून दोन ताटांत घेऊन आली.

राजपालनं पहिला घोट घेतला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. “माय, ह्यात साखर...”

“इहीणबाई,” राजूबाई मोठ्यानं म्हणाली, “आमच्यात याद्याच्या चहाला साखर घालत न्हाईत. पहिल्यापासूनची रीत हाय.”

वच्छलाबाईनं कपात बघितलं, राजूबाईकडं बघितलं आणि मोठा घोट घेतला. “असंल,” ती आपल्या माणसांना म्हणाली. “प्या रे. समजंल नंतर.”

सगळ्यांनी पिला. ज्योतीनं तर तळ दिसेपर्यंत पिला, तोंडावरची सुरकुतीसुद्धा न हलवता. मग रिकामा कप तिनं पुढं केला.

“आत्याबाई, आजून अर्धा द्या की.”

राजूबाईनं तिच्याकडं डोळे मोठे करून बघितलं. ज्योतीनंही नजर खाली घेतली नाही.

राजूबाईनं ओतला.