इंग्रजीला सुतक नसतंय

केजच्या क्लासात तीन महिने घासून उत्तरेश्वर इंग्रजी बोलायला शिकला होता. वहीतल्या 'निरोप घेताना' या पानावरची अकराच्या अकरा वाक्यं त्याला झोपेतही यायची. "आता रोहिणीच्या घरच्यांनी न्हाई म्हणूनच दाखवावं!" तो आरशाला म्हणाला.

युसूफ वडगाव या गावच्या रोहिणीची अट एकच होती, मुलगा चारचौघांत बोलणारा हवा. लग्नाची सुपारी फुटायची तेवढी राहिली आणि तिची आजी ताराबाई गेली. होकार आता आजोबांच्या, तात्याबांच्या हाती.

पाचव्या दिवशी तो त्यांना भेटायला निघाला, तेव्हा आई सुभद्राबाई बजावत होती, "मयताच्या घरून उठताना 'येतो' म्हनायचं न्हाई. पुन्हा असल्याच कामाला यावं लागतंय. गुमान उठायचं."

"माय, इंग्रजीला सुतक नसतंय!"

त्या घरात चुलीला धूर नव्हता, बांगडीला आवाज नव्हता. कोपऱ्यात पिठावर दिवा, दिव्याशेजारी ताराबाईची पानसुपारीची चंची. जोडीतला एक बैल गेल्यावर दुसरा नुसता जू बघत बसतो, तसे तात्याबा बसले होते.

अर्धा तास उत्तरेश्वरनं दात आवळून धरले. पण तोंडातली इंग्रजी कोंडलेल्या शेळीसारखी दाराला धडका देत होती. दाराआड रोहिणीची ओढणी दिसली आणि शेळी सुटली! उठता उठता तो म्हणाला, "सी यू सून, तात्या!"

"काय म्हनलं पावनं?" तात्याबांनी नातीला विचारलं.

"लवकरच भेटू म्हणत्यात," रोहिणी दाराआडून म्हणाली.

रडणाऱ्या बाया थांबल्या. रोहिणीचा चुलता हनुमान, डोक्यावरची टोपी सावरत उठला. "का रं? आता कुनाचा नंबर हाय?"

उत्तरेश्वरनं घाईनं दुसरं वाक्य काढलं. "टिल नेक्स्ट टाइम!"

"पुढच्या वेळेपर्यंत, म्हणत्यात."

तात्याबांची नव्वदीची बहीण कौशल्याबाई भिंतीकडे सरकली. "माज्याकडं बघून म्हनला गं!"

"न्हाई न्हाई! टेक केअर, आजी!"

"जिवाला जपा, म्हणत्यात."

आजीनं भोकाडच पसरलं! हनुमान काठी शोधू लागला. उरलेली आठ वाक्यं वही सोडून पळाली.

"थांबा रं!" तात्याबांनी हात वर केला. "ते पयलं पुन्हा म्हन, पोरा."

"सी... यू... सून."

म्हातारा भिंत धरत दिव्यापाशी गेला. "ऊसतोडीला निघताना दरसाल उंबऱ्याला हात लावायची, घराला 'येते' म्हनायची. औंदा काय बी न म्हनता गेली." मग अडखळत, दिव्याला फुंकर लागू नये इतक्या हळू, ते म्हणाले, "सी यू सून, तारा."

कुणी हसलं नाही. हनुमानचा हातही खाली आला.

"वाक्य बराबर हाय," तात्याबा डोळे पुसत म्हणाले. "मानूस चुकलं तुजं."

उत्तरेश्वरच्या काळजात लख्ख उजाडलं. होकारच की हा! त्या आनंदात त्यानं उंबरा ओलांडला, मागं वळला आणि खणखणीत मराठीत म्हणाला,

"येतो, तात्या!"

याचं भाषांतर रोहिणीला करावं लागलं नाही. हनुमानला काठी सापडली होती.

चैत्रात रोहिणीची सुपारी धारूरच्या दुसऱ्याच मुलाशी फुटली. तिची अट म्हणे बदलली होती, मुलगा कमी बोलणारा हवा.