ढमालेताईंचा बिनचहाचा तास

ढमालेताई कुणाला भेटल्या की आधी नमस्कार करत नाहीत. आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघतात. आमच्या भूगावच्या सोसायटीत हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. लिफ्टमध्ये ताई शिरल्या की आयटीतली पोरं कानातले हेडफोन काढतात आणि छताकडे बघत उभी राहतात. "गुलाबी हाय, जा," असा निकाल मिळाला की कामाला जातात. "फिक्कं हाय," असा मिळाला, तर दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला लिंबांची पिशवी लटकलेली असते.

ताई मूळच्या पौडच्या. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं लोकांच्या बोटांना सुया टोचल्या. निवृत्तीनंतर सुया तिथेच राहिल्या, नजर तेवढी घरी आली.

माझी पापणी त्यांच्या हाती लागली गेल्या वर्षी. माझी बायको सुमन जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मी व्यवस्थित स्वयंपाक करतो, असं मी मुलाला फोनवर सांगत असे. प्रत्यक्षात चहा, बिस्किटं आणि एक वेळ पालकाची भाजी. जन्मभर ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे, एखाद्या गोष्टीवरचं पुस्तक वाचलं की ती गोष्ट उरकली, असा माझा समज आहे. आहारावरची तीन पुस्तकं मी वाचली होती. चहा पीत पीत. मग जिन्यात दोनदा चक्कर आली. तपासणीत रक्त बरंच कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बंगळुरूहून मुलाने तंबी दिली. "बाबा, तीन महिन्यांत रिपोर्ट सुधारला नाही, तर मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार."

मला हे घर सोडायचं नव्हतं. सुमनने पुस्तकांत खुणेला घातलेले कागद अजून तसेच होते. कुठल्या पानांवर, हे बघायचा धीर मला झाला नव्हता.

"भाऊ, ह्यो डोळा हाय का चुन्याची भिंत?" ताईंनी विचारलं.

"पण मी रोज पालक खातो."

"आन् वर काय पिता?"

"चहा."

ताईंनी कपाळावर हात मारला. मग जिन्यातच माझा वर्ग घेतला. "मटणातलं लोह म्हंजी गावचा पाटील. दार लोटून आत येतं आन् पाटावर बसतं. पालेभाजीतलं लोह म्हंजी नवी सून. उंबऱ्याशीच उभं. लिंबानं हात धरून आत न्यावं लागतं तिला. आन् तुमी तर दारात चहाचं कुत्रं बांधून ठिवलंय!"

मी घाईने सांगितलं, की आमच्यात मटण चालत नाही.

"कोन म्हणतंय खा? मटण खानाऱ्याला अक्कल लागत न्हाई. शाकाहाराला लागती. तुमी शिकलेले दिसताय, बघू."

दुसऱ्या दिवसापासून बरोबर एक वाजता बेल वाजू लागली. ताईंच्या हातात मोड आलेल्या मटकीची उसळ आणि एक लिंबू. लिंबू पिळायचं, मी जेवायचं आणि त्यानंतर तासभर चहा नाही. "पोटात गेलं म्हंजी अंगी लागलं, असं नसतं," असं म्हणून त्या गॅसचा लायटर मुठीत घेत आणि माझ्यासमोर बसत. एकदा मी सकाळीच चहा करून थर्मासमध्ये लपवला होता. ताईंनी तो शोधून कुंडीत ओतला. झाड काही मेलं नाही, हा मुद्दा मी दुसऱ्या दिवशी काढला. त्या म्हणाल्या, "झाडाला रगत असतंय व्हय?"

त्या तासात ताई बोलत. पौडचा बाजार, दवाखान्यातले किस्से आणि त्यांचे एसटी ड्रायव्हर असलेले मालक. दर रविवारी मालक अर्धा किलो मटण आणायचे आणि नळी ताटावर आपटून आपटून खायचे. "शेजारी म्हनायचे, सुतारकाम चाललंय काय!" पहिले दोन आठवडे मी घड्याळाकडे बघत ऐकलं. नंतर घड्याळ विसरलो.

तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला. मुलाने हार मानली. एकची बेल वाजली तसं मी कागद नाचवत दार उघडलं. त्यांनी आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं.

"ब्येस झालं," त्या म्हणाल्या, आणि लायटर माझ्या हातावर ठेवला. "आता तुमचं तुमी करा."

जेवण झाल्या झाल्या मी स्वातंत्र्याचा चहा केला. तो अगदीच पुळकवणी झाला.

चार दिवस एक वाजता बेल वाजली नाही. मला वाटलं, बाई थकल्या असतील माझ्यापायी. पाचव्या दिवशी मीच मटकी शिजवली आणि डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. ताई टेबलाशी बसून चहात खारी बुडवत होत्या. मला पाहून त्यांनी बशीवर वर्तमानपत्र ओढलं.

"ताई, जेवण?"

"ह्येच की."

"आणि मटण?"

"मालक गेल्यापासनं न्हाई केलं. चार वर्सं झाली. एकटीपुरतं पातेलं कोन चढवतंय?"

"मग मटकी?"

"ती तुमच्यासाठी करत व्हते, भाऊ. त्यातले दोन घास मी पन खात व्हते."

तीन महिने मी मुकाट्याने रोग्याच्या खुर्चीत बसलो होतो. समोरची बाई काय जेवून येते, हा प्रश्न एका वाचणाऱ्या माणसाला एकदाही पडला नव्हता.

डबा तिथेच ठेवून मी खाली उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मटणाच्या दुकानात शिरलो. भाजीचीच पिशवी नेली होती.

"पुढचं देऊ का मागचं?" दुकानदाराने विचारलं.

मी आधी पुढे बघितलं, मग मागे. "चांगलं असेल ते द्या. एका माणसाला पुरेल एवढं."

"काका, एका मानसाचं मटण कुनी नेतं का? अर्ध्या किलोच्या खाली रश्श्याला चव न्हाई."

"मग अर्धा द्या," मी म्हणालो, आणि सवयीने पुढे बोललो, "वर थोडी कोथिंबीर टाका."

दुकानातली माणसं अजून हसत असतील.

ताईंनी पिशवीत डोकावून बघितलं.

"पुढचं आनलंय," त्या म्हणाल्या. "मागचं, मांडीचं सांगायचं असतं." मग पाठ फिरवून त्यांनी फळीवरचं मोठं पातेलं काढलं. ते धुवायला त्यांना फारच वेळ लागला.

"ताई, मी खाणार नाही, ठाऊक आहे ना?"

"तुमाला कोन वाढतंय? समोर बसा नुसतं," त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढे चार कांदे आणि सुरी सरकवली.