बरणीतली ओल

एका जंगलात, बाळांनो, बारा महिने इतकी ओल असे की माकडांच्या शेपट्या कधी वाळत नसत. तिथल्या ओढ्याकाठी एक नाजूक वनस्पती पसरलेली होती. दिसायला शेवाळासारखी, पण पानं बारीक खवल्यांची आणि रंग निळसर हिरवा. सगळे तिला मखमल म्हणत. त्या मखमलीत विसाजी नावाचा बेडूक राहायचा. त्याची कातडी ओली राहायची ती तिच्याच जिवावर.

एकदा संक्रांतीला शेवंताबाई ससिणीने हळदीकुंकू केलं. सहलीला आलेली माणसं लोणच्याच्या रिकाम्या बरण्या टाकून गेली होती. बाईंनी त्यांत मूठभर माती आणि मखमल घातली आणि वाण म्हणून लुटली. बायका हरखून गेल्या. जंगलात राहून घरात जंगल असावं, ही कल्पना कुणाला सुचलीच नव्हती.

मग काय, घरोघरी बरण्या आल्या. पण बरणी चारचौघांना दिसायला हवी, म्हणून सगळ्यांनी ती दारात उन्हात ठेवली. वास घेता यावा म्हणून झाकण काढलं. चार दिवसांत मखमल करपायची, की निघाल्या पुन्हा ओढ्यावर. असं करता करता काठ उघडा पडला, माती वाहून गेली, ओढा आटला.

विसाजीची कातडी तडतडू लागली. आणखी दोन दिवस असेच गेले तर आपलं काही खरं नाही, हे त्याला कळून चुकलं. तो कसाबसा उड्या मारत वाघीण राणीसाहेबांच्या गुहेत गेला आणि सगळी हकिगत सांगितली. राणीसाहेब हळहळल्या. त्यांची बरणी तेवढी टवटवीत होती, कारण आळसापोटी त्यांनी ती अंधाऱ्या कोपऱ्यातून हलवली नव्हती आणि झाकणालाही हात लावला नव्हता.

"ओलच हवी ना तुला?" राणीसाहेब म्हणाल्या. "मग जा की आत."

विसाजी आत गेला. काचेवर थेंब जमलेले, खाली मऊ मखमल. त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. राणीसाहेब अधूनमधून एखादी माशी आत सोडत. आठवड्याभरात जंगलातल्या बायका त्याच्याकडे सल्ला विचारायला येऊ लागल्या. ओलावा कसा जपावा, यावर त्याची व्याख्यानं ठरली.

एके दुपारी त्याची वहिनी आली. वाळून अर्धी झाली होती. तिने काचेवर टकटक केलं.

"भाऊजी, जरा झाकण उघडता का? घडीभर टेकते."

विसाजीला मनापासून वाईट वाटलं.

"वहिनी, झाकण उघडलं की ओल जाते," तो प्रेमाने म्हणाला. "नेमकं हेच लोकांना समजत नाही. गुरुवारी व्याख्यान आहे, अवश्य या."

तात्पर्य: जंगल कसं वाचवायचं, ही चिंता बरणीबाहेरच्यांना असते. तेव्हा बाळांनो, वेळेवर आत शिरा आणि बाहेरच्यांना चार गोष्टी समजावून सांगा.