प्रल्हादभाऊंच्या टाकीचं बूड

मेहकरात आमच्या शेजारी राहणाऱ्या प्रल्हादभाऊंच्या घरी गेलं, की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न पुढे येतो, "मले सांग, बूड नंगं ठेवाव का रेतीत?"

नवखा माणूस दचकतो. लग्नाची पत्रिका घेऊन आलेले एक पाहुणे तर चहा न घेताच उठले. प्रश्न माशांच्या टाकीबद्दल होता, हे सांगायला मी धावलो, तोवर त्यांची मोटारसायकल बसस्टँड ओलांडून गेली होती.

टाकीही साधीसुधी नव्हे, खाऱ्या पाण्याची. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की गावातल्या निम्म्या लोकांनी तो टीव्हीतच पाहिलेला. भाऊंनी खत-बियाण्यांचं दुकान मुलाच्या हवाली केलं आणि बैठकीच्या खोलीत समुद्र आणला. त्याचं मीठ पार्सलने येतं. "लोणार इतकं जवळ असताना मीठ विकत कशाला?" असं मी एकदा विचारून बसलो. लोणारच्या पाण्यात मासा का मरतो, यावर मला त्या दिवशी इतकं ऐकावं लागलं, की माशाची सुटका माझ्याआधी झाली असती.

वाद असा, की तळाला रेती घातली तर टाकी समुद्रासारखी दिसते, पण माशांची घाण तिच्यात मुरते. तळ उघडा ठेवला तर घाण दिसते आणि नळीने ओढून काढता येते. भाऊंनी उघडा तळ कधीच पक्का केला होता. त्यानंतरही साऱ्या गावाला विचारत राहणं ही त्यांची लोकशाही. कोणी 'रेती' म्हटलं, की ते मत लगेच बाद.

"तुले काय कयते बे! घान डोयापुढं दिसली पाह्यजे."

त्यातून रेतीचं नाव आमच्याकडे मोठ्याने घेऊ नये. कोपऱ्यावरच्या टिप्परवाल्याने ते ऐकलं आणि खिडकीतून विचारलं, "किती ब्रास टाकू, भाऊ?"

हे सगळं बोटभर लांबीच्या एका पिवळ्या मासोळीपायी. ती रेतीत शिरून झोपते, असं विकणाऱ्याने बजावलं होतं. "पडन आदत," भाऊ म्हणाले. आदत पडली नाही. संध्याकाळी टाकीवरचा दिवा मंद झाला, की ती तोंड खाली करून तळाच्या काचेवर आपटायची. टक्. थांबून पुन्हा टक्. सुरुवातीला भाऊ मला त्याची शास्त्रीय कारणं ऐकवत. मग नुसते टाकीपुढे बसून राहू लागले. पुढे तर आल्यागेल्याला प्रश्न विचारायचंही त्यांनी सोडलं.

एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. न्हाणीत उकिडवे बसून ते परातीत पांढरी रेती धूत होते.

"काय भाऊ, सरकार पडलं का?"

"पाइप धर."

मी पाइप टाकीत उभा धरला. भाऊ त्यातून ओंजळ-ओंजळ रेती तळाशी सोडत राहिले. पाणी दुधासारखं झालं.

"तिले निजाले जागा नोती बे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं. संध्याकाळी दिवा मंद होताच मासोळीने रेतीत नाक खुपसलं, अंगाला एक झटका दिला आणि दिसेनाशी झाली. भाऊंनी उठून टीव्हीचा आवाज बंद केला.

"निजली," ते कुजबुजले.

टाकीखाली कालची सांडलेली रेती पुसायला फडकं हवं होतं, म्हणून मी आतल्या खोलीत गेलो. वहिनी गेल्यानंतर त्या खोलीत माझं पाऊल पडलं नव्हतं. पलंगावर मिठाच्या गोण्या, बादल्या, नळ्यांची भेंडोळी, सगळं पार उशाशी रचलेलं. अंग टाकायला वीतभर जागा नव्हती.

"भाऊ, तुम्ही झोपता कुठं?"

ते दारात येऊन उभे राहिले. "खुर्ची हाये ना थ्या टाकीजवळ. थे गेली तवापासून ह्या पलंगावर डोया नाई लागत. मंग म्हटलं, सामान तरी राहीन."

मी पलंगाजवळ गेलो. वरची एक गोणी धरून ओढली.

"राहू दे बे," भाऊ म्हणाले.

गोणी जड होती. मी सोडली नाही. जरा वेळाने त्यांनी पुढे होऊन तिचं दुसरं टोक धरलं.