राखमुख्याच्या मागावर

ज्या गोष्टीत झाडं बोलतात आणि मेलेले राजे उठून जेवायला बसतात, त्या गोष्टीतल्या घोड्यांचं वेळापत्रक तयार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आहेर नाना. गंगापूर रोडवरच्या आमच्या वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर बसते, त्यामुळे तऱ्हेवाईक वाचकांची मला सवय आहे. पण मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचं, पट्टी-पेन्सिल घ्यायची आणि मग कादंबरी उघडायची, हा प्रकार फक्त नानांचा.

कादंबरी म्हणजे 'काजळगडची गाथा'. सात जाडजूड भाग. प्रत्येक भागात तोंडाला राख फासलेला एक दुष्ट येतो, कुणाचा तरी घात करतो आणि पसार होतो. त्याचं नाव राखमुख्या. तो गडावरच्याच माणसांपैकी कुणीतरी आहे एवढं कळतं, पण कोण ते सातव्या भागात. सहा भाग आमच्याकडे होते, सातवा यायचा होता. तो यायच्या आत राखमुख्याला पकडायचाच, असा नानांनी पण केला होता.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, उशीर झाला तर का झाला, हे लिहिण्यात चौतीस वर्षं गेली. सख्ख्या मेव्हण्याची गाडी सतरा मिनिटं उशिरा आली, तर नानांनी सतराच लिहिली. मेव्हणा दोन दिवाळ्या घरी फिरकला नाही. तीच शिस्त त्यांनी आता काजळगडाला लावली होती.

"ताई, भाग तिसरा बघा," वहीतल्या रकान्यावर पट्टी ठेवून ते सांगायचे. "भर दुपारी आचारी नदीवर. सूर्य मावळताना राखमुख्या गडावर. मधे नऊ कोस अन् वर घाट. घोडा पाणी नाय प्यायचा का कुठं?"

"म्हणजे आचारी सुटला?"

"सुटला. आता राजवैद्य घ्या. पाच वेळा उशिरा आला अन् एकदाही कारण दिलेलं नाय. ज्याच्या उशिराला कारण नाय, त्याच्यात काहीतरी लफडं हाय."

आचाऱ्याला नाना इतक्या हिरिरीने सोडवत, कारण आचारी हा सुमनकाकूंचा संशयित होता. सुमनकाकू म्हणजे नानांच्या पत्नी आणि आमच्या वाचनालयाच्या वीस वर्षांपासूनच्या सभासद. खऱ्या वाचक त्याच. चौथा भाग संपवला आणि काचबिंदूने त्यांची नजर गेली. तोवर वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यापलीकडे काही न वाचलेले नाना तेव्हापासून रोज दुपारच्या चहानंतर त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. तेही पाचव्या भागापासून नाही. "मधूनच कुठं गाडीत बसायचं?" म्हणून थेट पहिल्यापासून.

पुस्तक बदलायला दोघं बरोबर येत. काकूंचा हात नानांच्या कोपराला, आणि भांडण जिन्यापासूनच सुरू.

"चव न बघता मीठ टाकणारा माणूस आतून खोटा असतो," काकू म्हणायच्या. त्या मूळच्या सटाण्याकडच्या. अंगात आलं की अहिराणीवर उतरत. "आचारीच शे तो! तुमले काय समजस?"

"पुरावा काय?" नाना पट्टी आपटत.

एकदा नाना पुस्तक शोधायला आत गेले, तेव्हा काकू माझ्याशी हळूच बोलल्या. "नजर गेल्यापासून माझं सगळंच चुकतं गं. मी म्हणते सकाळ, तर संध्याकाळ निघते. साखर म्हणून मीठ घालते. पोरं म्हणतात, आई, राहू दे. या राखमुख्याचं तरी माझं खरं निघू दे."

मी वळून पाहिलं. नाना कपाटामागून परतले होते. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी नेहमीप्रमाणे राजवैद्याच्या सहाव्या उशिराचा विषय काढला.

सातवा भाग आला. सगळ्यांत आधी मी वाचला, आमच्या कामात तेवढाच काय तो फायदा. दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधीच नाना दारात उभे. "वाचलंत? मग माझ्याकडं बघू नका. तोंडावर दिसतं तुमच्या." मी छताकडे बघत पुस्तक दिलं. डोळा चुकून पुढे जाऊ नये म्हणून शेवटच्या शंभर पानांना त्यांनी तिथेच रबरबँड लावला. "रविवारी दुपारी घरी या. निकाल हाय. साक्षीदार पाहिजे."

रविवारी गेले. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून पलंगावर ताठ बसल्या होत्या. नानांनी रबरबँड काढला आणि वाचायला लागले. गडाच्या तळघरात राखमुख्याला धरतात. कुणीतरी ओल्या फडक्याने त्याच्या तोंडावरची राख पुसतं. नाना थांबले.

पानावर काय आहे ते मला ठाऊक होतं. राजवैद्य. सहा भागांची वही, घाटातले कोस, सगळे उशीर बरोबर निघाले होते. नाना जिंकले होते.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "राख पुसली गेली. समोर उभा होता भैरू आचारी."

"मी पयलेच सांगं व्हतं ना!" काकूंनी टाळी वाजवली. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "बघ गं ताई, चौतीस वर्षं गाड्या मोजल्या यांनी, पण माणूस नाही ओळखला!"

"हरलो बुवा," नाना म्हणाले.

"आता पुढे वाचा. का केलं त्याने असं?"

पुढे चाळीस पानं होती आणि सगळी राजवैद्याची. नाना तांब्याभर पाणी प्यायले. मग पुस्तकात बघत, वेळेवर पान उलटत, अडखळत ते आचाऱ्याचं लहानपण रचायला लागले.

पुस्तक परत यायला बारा दिवस लागले. "चाळीस पानं तोंडानं रचायची म्हणजे काय खायचं काम हाय?" नाना म्हणाले. मग टेबलावर वाकून, इकडेतिकडे बघत, "ताई, तिच्या भजनी मंडळातल्या बायकांना हा भाग देऊ नका. बोलून जातील."

काल मंडळातल्या एक बाई सातवा भाग मागायला आल्या. पुस्तक माझ्याच खणात होतं. मी रजिस्टर उघडलं, त्याच्या नावापुढे नीट अक्षरात 'बाइंडिंगला' असं लिहिलं आणि बाईंना दाखवलं.